पांदणीखालचे फायबर मोजू द्या

प्रति,
विदर्भातील विद्यापीठांच्या दूरसंचार व संगणक अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य आणि संशोधन मार्गदर्शक,

सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गेली एकवीस वर्षे ऑप्टिकल कम्युनिकेशन आणि नेटवर्क सुरक्षा हे दोन विषय शिकवतो. हे पत्र तक्रारीचे आहे, आणि या तक्रारीतला पहिला आरोपी मी स्वतः आहे. माझ्या मार्गदर्शनाखाली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी प्रकाशीय संदेशवहनावर प्रबंध लिहिले आणि त्यांतल्या एकानेही फायबर हातात धरले नाही. ऑप्टिसिस्टिम हे जाळ्याची संगणकात नक्कल करणारे सॉफ्टवेअर उघडायचे, आठ चॅनेल, शंभर किलोमीटर फायबर आणि मध्ये एक ॲम्प्लिफायर मांडायचा, संदेशाची प्रत सांगणारा क्यू-फॅक्टर सहाच्या वर गेला म्हणजे बिट एरर रेट, म्हणजे चुकीच्या बिटांचे प्रमाण, दहाच्या उणे नवव्या घातापर्यंत उतरला असे लिहायचे आणि आय डायग्रामचे, म्हणजे संदेश स्वच्छ असला की उघड्या डोळ्यासारखा दिसणारा आलेख, त्याचे चित्र चिकटवायचे. डोळा उघडा दिसला की परीक्षकही समाधानी आणि आम्हीही.

त्याच काळात आमच्या महाविद्यालयापासून पाच किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे गावोगावी फायबरने इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी लाल दिवा दाखवत होती. ती पेटी, म्हणजे फायबरच्या गावाकडच्या टोकाचे ओएनटी हे यंत्र, सचिवांच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवलेली होती. तिच्यासोबत आलेल्या बॅटरीची जागा रिकामी होती आणि शिपायाने पेटीच्या डोक्यावर रहिवासी दाखल्यांच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला होता. गठ्ठा उचलला तेव्हा एलओएसचा लाल दिवा लुकलुकताना दिसला. एलओएस म्हणजे प्रकाश पोचत नाही. शिपायाला इंग्रजी अक्षरांशी काही देणेघेणे नव्हते, पण निदान त्याचेही तेच होते. "लिंक नाही जी. येते अन् जाते," एवढेच तो म्हणाला.

वर्गात शिकवतो ते गणित मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडले. जीपॉन, म्हणजे एका फायबरला फाटे फोडून अनेक ठिकाणी पोचणाऱ्या जाळ्याच्या बी-प्लस वर्गात ओएलटी या तालुक्याकडच्या यंत्रापासून ओएनटीपर्यंत २८ डेसिबल क्षय, म्हणजे प्रकाशातली घट, सोसण्याची मुभा असते. १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरमागे ०.३५ डेसिबल धरले आणि केबलचा वळसा सढळपणे १५ किलोमीटरचा मानला, तर त्याचे ५.२५, प्रकाश चार वाटांत विभागणाऱ्या एकास चार स्प्लिटरचे ७, सांधे आणि कनेक्टर मिळून २. एकूण १४.२५. म्हणजे कागदावर जवळजवळ चौदा डेसिबल शिल्लक असताना कपाटातला दिवा लाल होता. माझ्या एकवीस वर्षांच्या अध्यापनात या दोन गोष्टी एका पानावर आल्या नव्हत्या.

पुढे एका ओळखीच्या ठेकेदाराकडून दोन दिवसांसाठी ओटीडीआर हे फायबर तपासण्याचे यंत्र मिळाले आणि त्याच मार्गावरच्या केबलमधला न वापरलेला एक कोर, म्हणजे काचेचा एक धागा, तपासण्याची परवानगीही मिळाली. वापरातल्या कोरला हात लावायचा नाही, अशी अट होती, आणि ती रास्तच होती. ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाची ठिणगी सोडतो आणि काचेतून मागे विखुरणारा प्रकाश वेळेनुसार मोजतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून परतीच्या प्रवासासह किलोमीटरमागे दहा मायक्रोसेकंद हे त्याचे घड्याळ. १३१० नॅनोमीटरवर रेष जवळजवळ सरळ उतरत होती. तीच तपासणी १५५० वर केली तेव्हा साडेतीन किलोमीटरच्या पुढे रेषेला स्पष्ट पायरी पडली. सांधा खराब असता तर पायरी दोन्हीकडे साधारण सारखी दिसली असती. लांब तरंगलांबीला मोठी आणि आखूडला नगण्य पायरी पडते तेव्हा फायबर कुठेतरी वाकलेले असते. जीपॉनचा खाली येणारा संदेश १४९० नॅनोमीटरवर येतो. त्यामुळे १३१० वर केलेले माझे वहीतले गणित वाकलेल्या फायबरच्या बाबतीत अपुरेच ठरणार होते.

तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी आणि मी अशी आमची फौज एप्रिलच्या उन्हात, बंडी जेमतेम जाईल अशा पांदणीने ती जागा शोधायला निघाली. केबल नेहमीच जमिनीवरच्या अंतरापेक्षा लांब असते, चेंबरमध्ये तिचे वेटोळे ठेवलेले असते, त्यामुळे मोजलेल्या आकड्यापेक्षा थोडे अलीकडेच शोधावे लागते. एका धुऱ्याच्या कडेला चेंबर सापडले. त्याच्या तोंडाशी डक्ट, म्हणजे केबलची नळी, ओढला जाऊन बाजूला सरकला होता आणि केबल काँक्रीटच्या कडेवर काटकोनाच्या आसपास दबली होती. शेजारच्या वावरात पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि जमिनीला इतक्या रुंद भेगा पडल्या होत्या की एका मुलाने त्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला.

आपण सगळे या मातीवर वाढलो आहोत. काळ्या कापसाच्या मातीतली माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि खोलवर फाटते. घराच्या भिंतींना ती काय करते हे विदर्भातल्या कोणत्याही गवंड्याला विचारावे. मानकानुसार केबल १६५ सेंटीमीटर खोल जायला हवी. ती जिथे उथळ जाते तिथे दरवर्षी एकदा ओढली आणि एकदा दाबली जाते. एका कोरच्या एका मोजणीवरून दिवा याच कारणाने लाल झाला असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल, आणि म्हणूनच तो संशोधनाचा विषय आहे. जून आणि नोव्हेंबरच्या दरम्यान काळ्या मातीतल्या केबलचा क्षय किती बदलतो, कोणत्या तरंगलांबीवर बदलतो, चेंबरच्या तोंडाशी अधिक बदलतो की सरळ मार्गावर, आणि मुरमाड जमिनीत हेच मोजले तर काय दिसते? एक ओटीडीआर, एक दुचाकी आणि दोन हंगाम एवढ्यावर हा प्रबंध उभा राहतो. तो न्यू जर्सीत बसून लिहिता येणार नाही. तो आमच्याकडेच लिहिता येईल, पण आमच्याकडेच तो कोणी लिहीत नाही.

दुसरा असाच विषय कड्यांचा, म्हणजे गोल फिरून येणाऱ्या रिंग-जाळ्यांचा आहे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेत सुरुवातीला तालुक्यापासून गावाकडे झाडासारख्या फांद्या टाकल्या गेल्या. फांदी तुटली की तिच्यापुढची सगळी गावे अंधारात जातात. एका टप्प्याची उपलब्धता ९९ टक्के, म्हणजे वर्षात साडेतीन-पावणेचार दिवस बंद, असे धरले तरी एकापाठोपाठ पाच टप्पे आले की शेवटच्या गावाला ती ९५ टक्क्यांवर येते आणि वर्षातले सुमारे अठरा दिवस बुडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी देताना म्हणूनच कड्याची रचना स्वीकारली गेली. एक बाजू तुटली तरी संदेश दुसऱ्या बाजूने फिरून यावा, हा तिचा हेतू. पुस्तकात हे बिनतोड आहे. पण आमच्याकडे तालुक्यातून गावाला जाणारी सडक बहुधा एकच असते, आणि कड्याच्या दोन्ही बाजू तिच्याच दोन कडांना, कधीकधी एकाच चरात गेल्या, तर रस्ता रुंदीकरणाचा एकच जेसीबी दोन्ही एका खोऱ्यात उचलतो. नेटवर्कच्या शास्त्रात याला सामाईक जोखमीचे दुवे म्हणतात आणि त्यावर भरपूर गणित उपलब्ध आहे. आपल्या एखाद्या तालुक्याचा खरा नकाशा घेऊन कोणती कडी खरी आणि कोणती नावापुरती, हे मांडणारा प्रबंध मात्र माझ्या परीक्षणाला आजवर आलेला नाही. खोदण्याआधी सूचना देण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. ते आमच्या भागातल्या किती जेसीबीचालकांच्या फोनमध्ये आहे, हे मोजणेसुद्धा द्वितीय वर्षाच्या मुलांना जमण्यासारखे आहे.

आता सुरक्षेकडे येतो, कारण या पत्राचा खरा गाभा तिथे आहे. तुटणारी लिंक आणि होणारी फसवणूक यांना आपण दोन वेगळ्या पेपरांत, दोन वेगळ्या प्राध्यापकांकडे ठेवले आहे. गावात त्या एकाच टेबलावर घडतात.

बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून देणाऱ्या एका बँक मित्राच्या दुकानात मी दोन सकाळी बसून होतो. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे बोंडांच्या टोकदार सालांनी चिरलेली असतात, रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा ठेवला की कधी ठसा जुळत नाही, कधी ठसा जुळतो पण उत्तर यायच्या आत लिंक जाते. दुकानदार म्हणतो, "पुन्हा लावा." मग दुसरे बोट, मग कपड्याला पुसून पुन्हा पहिले. एका आजीने माझ्यासमोर पाच वेळा अंगठा लावला आणि पाचपैकी कोणत्या वेळी काय झाले, हे तिला विचारण्याची सोयच नव्हती, कारण पावतीचा कागद संपलेला होता. तो दुकानदार सरळ माणूस होता, तिला तिचे पाचशे रुपये मिळाले. पण आधारवर चालणाऱ्या या व्यवहारात पिन नाही, ओटीपी नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढ्यावर पैसे निघतात. ज्या व्यवस्थेत माणसाला पाच-पाच वेळा अंगठा लावण्याची सवय लागते, तिथे सहावा अंगठा कशासाठी होता हे कोण विचारणार? देशात अनेक ठिकाणी खरेदीखतांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनवर उतरवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले. त्यानंतर आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठशाचे बिंदू आणि ठशाचे चित्र दोन्ही तपासून बोट जिवंत आहे की नाही हे ओळखणारी पद्धत लागू केली. ते चांगलेच झाले. पण खोटे बोट ओळखताना झिजलेले खरे बोट किती वेळा नाकारले जाते, आणि त्या नकारात लिंकचा वाटा किती व त्वचेचा किती, हे वेगळे करून सांगणारी मोजणी वेचणीच्या हंगामात आमच्याच दुकानांत व्हायला हवी.

हीच गोष्ट फोनवरची. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि वावरात उभे राहून फोटो चढवणे हा शेतकऱ्याच्या हंगामाचा भाग झाला. ॲप अडकले, संकेतस्थळ उघडले नाही, की व्हॉट्सॲपच्या गटावर कोणीतरी "ही फाइल टाका, लवकर होते" म्हणून एपीके, म्हणजे फोनवर थेट चढणारी ॲपची फाइल, पाठवतो. पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने फिरणाऱ्या असल्या फाइली एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात, आणि ती दिली की ओटीपी परस्पर तिसऱ्याकडे जातात. अधिकृत दार बंद असते म्हणून माणूस खिडकीतून जातो, आणि चोर खिडकीशीच बसलेला असतो. आम्ही मात्र त्याला 'जनजागृतीचा अभाव' असे म्हणतो, शिबिर घेतो, १९३० हा मदतक्रमांक फळ्यावर लिहितो आणि चहा पिऊन परत येतो. क्रमांक लिहायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही.

आणि या सगळ्यावर आमचे संशोधन काय करते? ते केडीडी कप ९९ हा घुसखोरी ओळखण्याच्या अभ्यासातला जुना माहितीसंच घेते. १९९८ साली अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेत एका लष्करी जाळ्याची नक्कल करून जमवलेली वाहतूक, तिच्यातून काढलेली ४१ वैशिष्ट्ये, आणि हल्ल्यांच्या नोंदींत स्मर्फ आणि नेपच्यून या जाळे ठप्प करणाऱ्या दोन हल्ल्यांचाच गजर. २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिले की त्या संचाच्या प्रशिक्षण भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणी भागातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त आहेत. ज्याने एकच प्रश्न शंभरदा पाठ केला त्याला तोच प्रश्न परीक्षेत आला तर ९९ टक्के गुण मिळणारच. तरीही घुसखोरी ओळखण्याचा "९९.२ टक्के अचूक" असा नवा अल्गोरिदम दरवर्षी आमच्याकडे सादर होतो आणि मी त्यावर सह्या केल्या आहेत. टेलनेट या जुन्या दूरजोडणी-पद्धतीच्या काळातल्या त्या नोंदींत मराठीतून आलेला एकही खोटा संदेश नाही. "आपले वीज कनेक्शन आज रात्री ९.३० वाजता खंडित करण्यात येईल" असा मजकूर आमच्या गावातल्या कितीतरी फोनांत पडून आहे, तो जमवणे, त्यातली नावे व क्रमांक पुसणे, प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी वेगळी करणे, हे काम आमचे विद्यार्थी कोणत्याही परदेशी विद्यापीठापेक्षा चांगले करतील.

मी अनुकरण-सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. जे बांधणे परवडत नाही ते संगणकात बांधून पाहावेच लागते. पण या शास्त्राचा इतिहास मोजणाऱ्यांनी वळवलेला आहे, हे आपण शिकवतो आणि विसरतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकॅम यांनी काचेतला क्षय अशुद्धींमुळे आहे, तो किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत उतरला तर काचेतून दूरसंचार शक्य आहे, असे मांडले तेव्हा उपलब्ध काचेत तो हजाराच्या घरात होता. काओ त्यानंतर निरनिराळ्या काचांचे नमुने मोजत राहिले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीने ती मर्यादा ओलांडली आणि २००९ मध्ये काओंना नोबेल मिळाले. नेटवर्कच्या बाजूला १९९३ मध्ये बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच इमारतीतल्या इथरनेटवरची वाहतूक वर्षानुवर्षे नोंदवून दाखवले की टेलिफोनच्या जमान्यापासून गृहीत धरलेले पॉयसाँचे, म्हणजे यादृच्छिक येणाऱ्या कॉलचे गणित तिथे लागूच पडत नाही. त्यांनी आधी आपल्याच जाळ्यावरची वाहतूक मोजली, सूत्राची चर्चा त्यानंतर केली.

मग आम्ही का मोजत नाही? आळस हे एक कारण आहे, ते मी लपवत नाही. पण भीती हे अधिक मोठे कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा जाळ्यात शिरल्यास भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केले तर कलम ६६ प्रमाणे तो गुन्हा ठरून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभ्यासासाठी केले, याला त्यात वेगळी सूट नाही. आमच्या एका विद्यार्थ्याला एका कार्यालयाच्या वाय-फाय राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असल्याचे दिसले. त्याने ते प्रामाणिकपणे सांगितले, आणि बक्षीस म्हणून त्याला दोन तास खुर्चीवर बसवून वडिलांना बोलावण्यात आले. त्यानंतर त्या मुलाने प्रकल्पासाठी केडीडी घेतले. मी त्याला अडवू शकलो नाही. उणीव सापडली तर ती सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला रीतसर कळवण्याची वाट देशात उपलब्ध आहे, पण तो कोणत्या कागदानिशी तिथे जाणार, त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे उत्तर महाविद्यालयाच्या पातळीवर नाही. ते विद्यापीठाच्या पातळीवरच द्यावे लागेल.

म्हणून माझी विनंती अशी आहे की प्रत्येक विद्यापीठाने नेटवर्क आणि सुरक्षा संशोधनासाठी एक नैतिकता समिती नेमावी, जिच्या सहीचे पत्र दाखवून विद्यार्थी ग्रामपंचायतीत, बँक मित्राकडे किंवा दूरसंचार यंत्रणेच्या तालुका कार्यालयात जाऊ शकेल. त्या पत्रात काय मोजायचे, काय मोजायचे नाही आणि कोणाची संमती कोणत्या भाषेत घ्यायची हे स्पष्ट लिहिलेले असावे. संमतीपत्र मराठीतच असावे आणि ते वाचून दाखवलेले असावे, अंगठा लावून घेतलेले नसावे. एवढ्या अंगठ्यांनंतर आणखी एक नको. पदव्युत्तर आणि पीएच.डी. प्रबंधात निदान एक प्रकरण प्रत्यक्ष मोजणीचे असावे, मग ती मोजणी दहा दिवसांची का असेना. केडीडी कप ९९ केवळ इतिहास म्हणून शिकवावा. निष्फळ मोजणीलाही गुण असावेत, कारण "लिंक सापडली नाही" हा आमच्याकडे निष्कर्ष असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढली आहे. त्यामुळे घाईने छापण्याजोगे अनुकरण करत राहण्याचे निमित्तही आता उरलेले नाही.

पैशांचा प्रश्न निघेल. प्रत्येक महाविद्यालयाला ओटीडीआर परवडणार नाही, पण जिल्ह्यात एक घेऊन तो वाचनालयातल्या पुस्तकासारखा फिरवता येईल. फायबरमधल्या प्रकाशाची शक्ती मोजणारा पॉवर मीटर तर स्वस्तच असतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आपल्या महाविद्यालयांच्या स्वतःच्या जाळ्याचे लॉग तरी, नावे पुसून, आपल्याच विद्यार्थ्यांना मिळावेत. त्याला तर बाहेरच्या कोणाच्या जाळ्याला हात लावावा लागत नाही.

शेवटी तारखेची एक अडचण सांगतो. भेगा उघड्या असतानाची मोजणी पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी झाली पाहिजे. जून अर्धा सरला की माती मिटते, पांदणीत चिखल होतो, चेंबरपर्यंत बंडीसुद्धा जात नाही, आणि तुलनेचा पाया पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबतो. अभ्यासमंडळाची बैठक नेहमीप्रमाणे जुलैत न घेता मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली, तर मार्ग मी ठरवून ठेवला आहे. अकरा किलोमीटर, सात चेंबर, दोन प्रकारची जमीन. चार मुलेही तयार आहेत, आणि त्यांना कोणत्या धुऱ्याशी थांबायचे ते माहीत आहे. त्यांच्या हातात द्यायला फक्त पत्र हवे आहे.

आपला नम्र,
दूरसंचार विभागातील एक सहयोगी प्राध्यापक,
यवतमाळ जिल्हा